चार ते सहाचा पहारा

चार वाजून दहा मिनिटं झाली तरी मुंजाजी उठेना, आणि सुंदरराव अण्णांना आता एका जागी उभं राहवेना.

वीणा त्यांच्या गळ्यात होती. तेलगावजवळच्या त्या वाडीत मारुतीच्या देवळात सप्ताह बसला की सात दिवस वीणा खाली टेकत नाही. एकाच्या गळ्यातून निघते ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. एकतीस वर्षांत ती जमिनीला लागलेली नाही. आणखी दोन नेम आहेत. पाटीवर ज्याचं नाव, वीणा त्यानंच घ्यायची. आणि वीणा गळ्यात असेपर्यंत हरिनामाशिवाय दुसरा शब्द तोंडातून काढायचा नाही.

पाटीवर खडूनं लिहिलेलं होतं : दोन ते चार सुंदरराव, चार ते सहा मुंजाजी. सहाचा सोमेश्वर धर्मापुरीला सोयरीक बघायला गेलता, म्हणून त्याचं नाव पुसून तिथं परत सुंदररावच.

आता वीणेकरी म्हणजे प्रत्यक्ष देव. त्याला कोरडं कसं ठेवायचं? टाळ वाजवणाऱ्या बायांतली सगळ्यांत थोरली भिवराबाई दर अर्ध्या तासाला ताकाचा तांब्या घेऊन उठत होती. "नको" म्हणावं, तर तो हरिनामातला शब्द नाही. मान हलवावी, तर तिला वाटायचं, अण्णा रंगात येऊन डोलायलेत. दोन तासांत चार तांबे झाले होते.

मुंजाजी तसा गुणाचा. आंघोळ करून, गंध-बुक्का लावून वेळेआधीच आला होता. पण सकाळीच त्याचं पार्सल आलं होतं. खांबाला टेकून तो बसला होता, मांडीवर फोन आणि हातात नवाकोरा गेमचा कंट्रोलर. त्याला वायर नाही, काही नाही. ब्लूटूथनं फोनला जोडायचा. तोच जोडला जात नव्हता.

"थांबा अण्णा, एकच मिन्ट," तो मान वर न करता म्हणाला. "लाइट लुकलुकायलाय. झालंच बगा."

"रामकृष्णहरी," अण्णा म्हणाले. सूर जरा चढा होता.

मुंजाजीनं खोक्यातली चिठ्ठी मोठ्यानं वाचली. "मधलं बटन पाच सेकंद दाबून धरावे." त्यानं बटण दाबलं. दोन सेकंदांत सोडलं आणि फोनकडं बघितलं. फोनवर काही नाही. "कावून यिना बे ह्यो?" पुन्हा दाबलं. पुन्हा सोडलं.

सुंदररावांना चूक लख्ख दिसत होती. धरून ठेव, दोनच शब्द. पण ते बोलायची सोय नव्हती. आणि धरून ठेवणं म्हणजे काय, हे त्या घटकेला अख्ख्या बीड जिल्ह्यात त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

सव्वाचारला त्यांनी लय दुप्पट केली. चार वीसला चौपट. उजवा पाय उचलला, तो टेकवला, डावा उचलला. मग दोन्ही. मग गिरकी.

भिवराबाईच्या हातातले टाळ थांबले. "अगं छबे, बघ, बघ! अण्णाचं देहभान गेलं की गं!"

देहभान गेलेलं नव्हतं. इतकं देहभान त्यांना उभ्या जन्मात कधी आलं नव्हतं.

पण छबुबाई पदर खोचून उठलीच. तिच्यामागं चार बाया उठल्या. टाळ कडाडले, फुगड्या सुरू झाल्या. देऊळ दणाणलं. दोघी-तिघींनी धावून अण्णांच्या पायांवर डोकं ठेवलं, तेव्हा त्यांना पाय उचलणंही मुश्कील झालं आणि डोळ्यांतून खरोखरचं पाणी आलं. ते बघून भिवराबाईलाही रडू फुटलं.

नाचत नाचतच अण्णा खांबापाशी पोचले. उजव्या हातानं तार छेडत राहिले. डावा हात खाली नेला आणि बटणावरच्या मुंजाजीच्या अंगठ्यावर स्वतःचा अंगठा ठेवून गच्च दाबला.

"रामकृष्णहरी," एकदा. मुंजाजी अंगठा काढायला बघत होता. "रामकृष्णहरी," दोनदा. काढू दिला नाही. "रामकृष्णहरी!"

लाइट लुकलुकायचा थांबला. लख्ख लागून राहिला.

"जोडला!" मुंजाजी ओरडला. "अण्णा, लई भारी!"

पुढच्या क्षणी वीणा त्याच्या गळ्यात होती, आणि फोन, कंट्रोलर अण्णांच्या हातात. ते खाली ठेवण्याइतकाही वेळ त्यांच्यापाशी नव्हता. तसेच काखेत मारून ते देवळामागं पळाले. बायांनी वाट करून दिली.

परत आले तेव्हा चेहऱ्यावर अशी शांती होती की भिवराबाईनं हात जोडले. "काय दिसलं वो अण्णा?"

"माय, सांगून कळायचं न्हाई," अण्णा म्हणाले आणि खांबाला टेकून बसले.

भिवराबाईनं ताकाचा तांब्या मुंजाजीकडं वळवला. त्यानं मान हलवली. तिला वाटलं, पोरगं डोलायलंय.

अण्णांच्या मांडीवर फोन तसाच चालू होता. पडद्यावर ट्रॅक्टर होता, मागं उसानं भरलेली ट्रॉली आणि पुढं घाट. बंद करावं म्हणून त्यांनी कंट्रोलरचं एक बटण दाबलं. ट्रॅक्टर सुरू झाला.

सहा वाजून पाच मिनिटांनी मुंजाजीचं रामकृष्णहरी दुप्पट लयीत गेलं. सहा वाजून दहाला त्यानं उजवा पाय उचलला, मग डावा.

"छबे, ऊठ!" भिवराबाई हरखून ओरडली. "ह्याला बी दिसाया लागलं!"

टाळ कडाडले. मुंजाजी गिरकी घेत घेत खांबापाशी आला, डोळ्यांत पाणी आणून बघू लागला. सुंदररावांनी मान वर केली नाही. ट्रॉली घाटाच्या शेवटच्या वळणावर होती.

"थांब बाळा," ते म्हणाले, "एकच मिन्ट."