कागदावरचा पंप

बसवराज मिस्तरीनं डॉक्टरांचा कागद पान्याखाली दाबला आणि पुन्हा त्यावर वाकला. जिंतूर तालुक्यातल्या निम्म्या विहिरींवरच्या मोटारी त्याच्या हाताखालून गेल्या होत्या. हा कागदही त्याला समजला होता, म्हणूनच तो सकाळपासून धुमसत होता.

परभणीच्या डॉक्टरांनी एक गोल काढला होता. ही बायकोच्या कॅन्सरच्या गाठीतली पेशी. तिच्या कडेवर एक चौकट, म्हणजे पेशीनं स्वतःच बनवलेलं प्रथिन. सलाईनमधलं लाल औषध आत शिरलं, की हे प्रथिन पंपासारखं ते उपसून बाहेर फेकतं. पहिल्या डोसांनी गाठ विरघळली खरी, पण जास्त पंपवाल्या काही पेशी वाचल्या. आताची गाठ ही त्यांचीच पिलावळ.

"मंग दुसरं औषध द्या," बसवराज म्हणाला होता.

"बरीचशी औषधं हाच पंप बाहेर टाकतो," डॉक्टर म्हणाले.

"मंग त्याचा फ्यूज काढा की, सायेब."

डॉक्टर हसले नव्हते. "तोच अजून कुणाला सापडलेला नाही," म्हणाले.

त्याची बायको सिद्धम्मा दुकानाच्या दारात पोत्यावर बसली होती. केस गेलेल्या डोक्यावर पदर घट्ट ओढलेला. गळ्यातलं इष्टलिंग तिनं हलकेच उजवीकडे सरकवलं. डावीकडे गाठ होती, पुन्हा सुपारीएवढी झालेली.

"मिस्तरी, पाणी उचलंना झालीय बगा," वालूरहून मोटार घेऊन आलेले तात्याराव म्हणाले. "भुईमूग वाळायलाय."

"ठिवा तिथं." बसवराजनं पाना उचलून टेबलावर आदळला. "लोकाचे पंप बंद पडतेत म्हनून मी पोट भरतो. आन ह्यो मेला बंद पडंना."

तात्यारावांना काही उमगलं नाही. त्यांनी मोटार टेबलाजवळ सरकवली.

"त्यांची मोटार बगा आदी," सिद्धम्मा म्हणाली. "पीक जाईल त्यांचं."

त्यानं स्क्रू सैल केला, तेवढ्यात लाईट गेली. समोरची गिरणी थांबली. मागच्या मळ्यांतले पंप एकदम गप्प झाले. बसवराजचा हात तसाच राहिला. तो सिद्धम्माकडं टक लावून बघत होता, मोटारीला लावतो तसा कान लावून.

तिनं पदर सावरला.

"माजा पंप लाईटीवर न्हाई चालत, अहो."