उरलेली पाच नखं

"एकसुद्धा नख सुटता कामा नये हं. उद्या मुलाचं लग्न आहे," काकूंनी बजावलं आणि खोटी नखं बसवून घ्यायला दोन्ही हात पार्लरच्या टेबलावर माझ्यापुढे ठेवले. मास्कमुळे त्यांनी मला ओळखलं नाही. मी त्यांना आवाजावरूनच ओळखलं होतं.

दोन वर्षांपूर्वी याच मुलासाठी त्या मला बघायला आल्या होत्या. कॉलेजच्या प्रयोगशाळेत ॲसिडनं भाजलेली माझी बोटं दिसताच त्यांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. "असल्या हातचं कोण खाणार?" असं माझ्या आईला ऐकवून त्या उठल्या.

सूड सोपा होता. नखावर तेलाचा अंश राहिला, की खोट्या नखाचं ॲक्रिलिक धरत नाही. ऐन मंगलाष्टकांत नखं सुटली असती. मी तेलाची बाटली उघडलीसुद्धा. मग वाटलं, नखं सुटली तर काकू पार्लरला नावं ठेवतील. माझा हात त्यांना आठवणारच नाही.

बाटली बंद केली. उजव्या हाताची नखं घासली, पुसून अगदी कोरडी केली आणि कातडीपासून केसभर जागा सोडून ॲक्रिलिक चढवलं. आता ती महिनाभर हलणार नव्हती. मग मी मास्क काढला, हातमोजे काढले आणि त्यांचा डावा हात माझ्या डागाळलेल्या बोटांत घेतला.

त्यांनी तो झटकन मागे ओढला. पाच लांब गुलाबी नखांकडे पाहिलं, मग पाच बोडक्या नखांकडे. मी घाई केली नाही.

"असल्या हातचं चालेल ना, काकू?"

डावा हात मुकाट्यानं पुढे आला.