दारातून गेलेलं जहाज

"हे कुणाला पटायचं नाही," मिक्याल म्हणाला, "पण ते जहाज या दारातून माझ्या डोळ्यांदेखत गेलं. डोलकाठीसकट!"

"आधी दम खा," सुन्नुवा म्हणाली. "मग ने जहाज."

दोघं कड्याच्या टोकाशी गवतात टेकली. समोर समुद्रात एक पाय रोवून खडकाची कमान उभी होती. गावात तिला सगळे दारच म्हणत. तिच्याखालून साधी होडी न्यायची तरी चार वल्हेकरी आधी एकमेकांची तोंडं बघत. मिक्याल मात्र एकतीस वर्षं तिथून अख्खं जहाज नेत होता.

शनिवारच्या बोटीनं सुन्नुवा मुलीकडे, तोर्सहावन शहरात निघणार होती, कायमची. घर पुतण्याला, हायनीला दिलं होतं. जाण्याआधी एकदा दार बघायचं म्हणाली. नवरा दान्याल गेला त्या जागी ती आजवर फिरकली नव्हती.

 आज तिला खरं सांगायचं, असं मिक्यालनं सकाळीच ठरवलं होतं. आज नाही तर कधीच नाही. आणि तोंड उघडलं तर जहाजच बाहेर आलं.

तिनं पिशवीतून गुंडाळलेली धिरडी काढली, रुबार्बच्या आंबट देठांच्या मुरंब्याची बरणी काढली. बरणीचं झाकण ती दातानं आणि उजव्या हातानं उघडायची. डावं मनगट नवरा गेला त्याच उन्हाळ्यात वाकडं झालं होतं. गायीनं लाथ मारली म्हणायची. गाय तेवढी कुणाला आठवत नव्हती.

"खा. शेवटची बरणी."

"गावात असा रुबार्ब कुणाकडे नाही," तो बोटं चाटत म्हणाला. "छत्रीएवढी पानं! काय घालतेस गं?"

"काही नाही. एकदाच खोल खणलं होतं. नंतर हात लावला नाही." ती पाण्याकडे बघत राहिली. "हायनीला तिथं गाडीसाठी शेड बांधायचीय. सोमवारी खणणार म्हणतो."

"मग काय झालं? रुबार्ब काढून पलीकडे लाव म्हणावं."

"तो वाफा हलवायचा नाही!"

एक मेंढी दचकून उठली. मिक्यालही दचकला. घर सोडायच्या वेळी बायकांचा जीव कशात अडकेल सांगता येत नाही, असं मनाशी म्हणून त्यानं दुसरं धिरडं घेतलं.

"सांग ना पुढचं," ती आता हळू आवाजात म्हणाली. "दान्याल कसा होता तेव्हा?"

 दोर धरणारा नसेल तर कड्यावरून समुद्रपक्ष्यांच्या अंड्यांसाठी कुणी उतरत नाही, हा गावचा कायदा. दान्यालचा दोर मिक्यालच धरायचा. त्या दिवशी संध्याकाळी सुन्नुवा त्याच्या घरी विचारायला आली, "सकाळी तुझ्याबरोबर गेला, अजून कसा आला नाही?" तेव्हा त्यानं जहाज पहिल्यांदा सांगितलं. लोकांनी जहाज सोडून दिलं आणि उरलेलं खरं धरलं. दान्याल पडला, दोर धरणाऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला. दाराखालचं पाणी तीन दिवस धुंडाळलं, काही मिळालं नाही. नंतर मिक्यालच्या हातात कुणी दोर दिला नाही. त्यानंही मागितला नाही.

"मस्त मजेत होता," तो म्हणाला. "दोराला लटकून शिव्या घालत होता मला. हळू सोड रे गाढवा, म्हणे! तेवढ्यात आलं जहाज. डोलकाठी थेट त्याच्या कमरेपर्यंत. यानं दोर सोडला, काठीवर पाय ठेवला, जिन्यावरून उतरावं तसा. वर बघून टोपी हलवली."

"आणि पायात?"

"पायात काय असणार? कड्यावर बूट कोण घालतं? लोकरीचे मोजेच खडक धरतात. तू विणलेले ते नवे, पांढरे, लाल काठाचे. आदल्या दिवशी गावातल्या लग्नातसुद्धा तेच विणत बसली होतीस ना! काठीवर लांबपर्यंत लाल काठ दिसत होता बघ."

"खोटं," सुन्नुवा म्हणाली.

एकतीस वर्षांत तिनं हा शब्द कधी काढला नव्हता.

"आता जहाजाचं म्हणशील तर..."

"जहाज असू दे. मोजे खोटे."

मिक्यालच्या हातातलं धिरडं खाली पडलं. मेंढीनं ते उचललं तरी त्याचं लक्ष नव्हतं.

"मी आलोच नव्हतो, सुन्नुवा," तो म्हणाला आणि रडायला लागला. म्हातारा माणूस, नाक पुसायचंही भान नाही. "त्या लग्नात इतकी ढोसली, की दुसऱ्या संध्याकाळी तू हाक मारलीस तेव्हा डोळे उघडले. तो वाट बघून एकटाच उतरला असणार गं. दोर धरायला मी असतो तर तो आज... मी मारलं त्याला. मी!"

 सुन्नुवानं बरणीला झाकण लावलं.

"तू नव्हतास, मला ठाऊक आहे."

"कोणी सांगितलं?"

"कोण सांगणार? तोही इथं नव्हता." तिनं वाकडा हात त्याच्या गुडघ्यावर ठेवला. "ते मोजे त्या सकाळी माझ्या सुयांवर होते, मिक्याल. दुपारी पुरे केले, त्याच्या पायात घातले, आणि मग वाफा खणला. आता रडू नकोस. सोमवारच्या आत हायनीसाठी दुसरं एखादं जहाज शोध."