कोरडी जागा

निळी पाटी : रविराज करिअर अ‍ॅकॅडमी, पोलीस भरती.

पाटीखाली ओट्यावर वाळत टाकलेले बूट, त्यांच्यात गवताच्या काड्या.

मेंढरं रात्रभर शेतात बसवली, की लेंडीखताच्या बदल्यात शेतकरी धनगराला ज्वारी देतो.

पाडलेल्या भिंतीची वीट आतून जास्त लाल असते.

भामाबाईच्या दंडाला चिकटपट्टी. खालचा कापूस अजून ओला.

आणि सुग्रीव. आपल्याच घराच्या दारात उभा. आत जावं की हाक मारावी, हे त्याला ठरवता येत नव्हतं.

पाटोद्याकडची रानं सोडून बीडच्या कडेला त्यानं या तीन खोल्या बांधल्या होत्या. अर्धा कळप विकून जागा, उरलेला विकून भिंती. म्हातारपणी भाडं खाऊ, पायांना आराम देऊ, एवढाच हिशेब. तिन्ही खोल्या रविराजला भाड्यानं दिल्या, दोघं गावीच राहिली. आता बायकोचं रक्त आठवड्यातून दोनदा बीडच्या दवाखान्यात मशीनवर धुवायला लागत होतं आणि एसटीच्या धक्क्यांनी ती अर्धी होऊन गावी पोचायची. एक खोली मोकळी झाली तर आपण जगू, असं डॉक्टर म्हणाले नव्हते. भामाबाईच म्हणत होती.

रविराज गळ्यात टॉवेल टाकून बाहेर आला. "मामा! फोन तरी करायचा."

"मागची खोली मोकळी कर, बाबा. तुझ्या मामीला ठिवायचंय."

"मागची खोली कुठं ऱ्हायली आता?"

तो बाजूला झाला. मधली आणि मागची मिळून एकच लांब खोली झाली होती. दोन्ही बाजूंनी लोखंडी कॉट, एकावर एक. सुग्रीवनं भिंत होती तिथं काठी टेकवली.

"इचारलं न्हाईस."

"तुमीच म्हणले होते ना, आपलंच समज."

"तसं म्हणायची रीत असती, बाबा."

"मग भाड्याचा कागद करायचा होता. कागद मीच आणलता, मामा. तुमीच माघारी दिला."

खरं होतं. तेव्हा सुग्रीव मोठ्यानं हसला होता. कागद कावून? मेंढरं बसवताना कोण कागद करतं? वाघर सोडली, की कळप उठतो! कळपाभोवती लावायच्या त्या जाळीवर त्याचा जन्म गेला होता. सांजेला बसायचं, उजाडताना उठायचं, रान ज्याचं त्याला. उठायला नको म्हणणारं मेंढरू त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

"मग समज, सोडली म्या वाघर. ऊठ."

"असं कसं उठावं? पोरांनी फी भरलीय, भरती तोंडावर हाय. लाईटबिल माझ्या नावावर येतंय. वकिलाला इचारा, उठवायला वर्षं जातील." मग रविराजनं आवाज खाली आणला, अगदी घरच्यासारखा. "त्यापरीस उठायचं काय देता, ते बोला."

पायरीवर बसलेली भामाबाई हसली. दम लागेपर्यंत हसली.

"द्या की वो! पायलीभर ज्वारी द्या. बसायची घेतली जन्मभर, आता उठायची द्या."

रविराजला त्यातलं काही कळलं नाही, पण तोही हसला. माणूस वाईट नव्हता. त्यानं आतून थंड पाणी आणलं, भामाबाईच्या हातात दिलं, पेला रिकामा होईपर्यंत समोर उभा राहिला.

"मामी, परक्यावानी उन्हात कावून बसता? जिन्याखाली जागा हाय. बूट तिकडं सरकवतो. टाका तिथं पथारी, कितीबी दिवस ऱ्हावा." सुग्रीवकडं वळून तो म्हणाला, "तुमच्याकडून काय भाडं घ्यायचं, मामा?"

भामाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं नाही. पेला उपडा करून पायरीवर ठेवला.

सुग्रीव जिन्याखाली गेला. वाकावं लागलं, मग बसावंच लागलं. त्यानं फरशीवर तळहात फिरवला. हात नाकाशी नेला. पाणी आलं तर कुठून येईल, वारा कुठून लागेल, तेही पाहिलं. कुठल्याही नव्या रानात तो आधी हेच पाहायचा. मग खांद्यावरचं घोंगडं काढून त्याचं एक टोक जिन्याच्या गजाला बांधलं, दुसरं नळाच्या पाइपाला. गाठ ओढून पाहिली.

"कोरडी हाय," तो आतून म्हणाला. "ये."

पाया खणायच्या आदल्या रात्री उरलेला कळप त्यानं याच जागेवर बसवला होता. सुग्रीवची मेंढरं त्याच्या स्वतःच्या जमिनीवर बसली, ती तेवढी एकच रात्र.