बिननंबरचं घर

फाटकापुढे गाडी थांबली आणि गणवेशातले दोन अधिकारी उतरले. थोरल्याच्या हातात फाइल होती. पाइपने मोटार धूत असलेल्या अशरफला त्याने विचारलं, "यूसुफ अहमदचं घर हेच का?"

"ठाऊक नाही, साहेब. मी नवीन आहे," अशरफ म्हणाला.

या नवीन माणसाच्या दाढीत औषधालाही काळा केस नव्हता. कुवेतच्या बनेद अल-गार भागातल्या या घराची गाडी तो छत्तीस वर्षं चालवत होता. अधिकाऱ्याने भिंतीकडे पाहिलं. गल्लीतल्या प्रत्येक घराला नंबराची पाटी होती, इथे स्क्रूची चार भोकं तेवढी होती. तो जरा घुटमळला, मग दोघे शेजारी चौकशी करायला गेले.

संपदा दारात उभी राहून ऐकत होती. ती नर्स, मामांना इन्शुलिन द्यायला रोज सकाळी येई. घरच्या नोकरमाणसांनी मालकिणीला 'मामा' म्हणायचं ही कुवेतची रीत. रत्नागिरीला अशरफची बायको अजून हसते, बाईमाणसाला कसले मामा म्हणून.

"चाचा, हे काय बोललात तुम्ही?" संपदा म्हणाली. "बेपत्ता लोकांच्या खात्यातले असणार ते. मामांचं रक्त नेलं होतं ना, हाडांशी जुळवायला? मामा मला रोज विचारतात, निकाल आला का. आणि तुम्ही आलेली माणसं परत पाठवली?"

अशरफने नळ बंद केला. "मुद्दाम नाय गो. कपडे बघितले नि तोंडातून निघून गेला."

नव्वद साली इराकी फौज शहरात शिरली, तेव्हा कुवेतच्या पोरांनी रस्त्यांची नावं आणि घरांचे नंबर काढून टाकले. सैनिक याद्या घेऊन फिरत होते, त्यांना माणसं सापडू नयेत म्हणून. या घराची पाटी मामांच्या वीस वर्षांच्या मुलाने, यूसुफने स्वतः काढली, अशरफच्या हातात दिली आणि पढवलं, कुणीही विचारलं तरी म्हणायचं, ठाऊक नाही, मी नवीन आहे. अशरफने दोन महिने ते इमानेइतबारे म्हटलं. मग एका सकाळी साध्या कपड्यातला एक तरुण धापा टाकत आला. यूसुफचा मित्र आहे, त्याला सावध करायचंय, म्हणाला. "हेच घर," अशरफ बोलून गेला. अर्ध्या तासात सैनिकांची जीप आली. यूसुफ गेला तो गेलाच.

लढाई संपल्यावर सरकारी माणूस नवी पाटी लावून गेला. मामांनी ती त्याच दिवशी काढायला लावली. ज्याने काढली तोच लावेल, म्हणाल्या. तेव्हापासून जेवणाचे डबे आणणारी पोरं गल्लीच्या तोंडाशी उभी राहून फोन करतात आणि शिव्या अशरफ खातो.

"तवा खरा बोललो नि पोरगा गेला," अशरफ म्हणाला. "आज तेच परत बोलायचा होता. जीभच उचलली नाय."

संपदाला त्याचा राग आला होता. आता त्या रागाचं काय करावं तिला कळेना. तिने पाइप उचलला आणि उगाच गुंडाळायला लागली.

आतून वॉकरचा आवाज आला. मामा उंबऱ्याशी येऊन थांबल्या. त्यांना मराठी कळत नसे, पण गल्लीत उभी असलेली सरकारी गाडी कळत होती.

"कोण आलं होतं, अशरफ?"

अशरफने ओले हात सदऱ्याला पुसले.

"यूसुफचं घर विचारत होते, मामा," तो शेवटी म्हणाला.

"मग बोलाव त्यांना."

साठ वर्षांचा माणूस धावत गेला. थोरल्या अधिकाऱ्याने आत येऊन टोपी काढली. दक्षिण इराकच्या वाळवंटात एका खड्ड्यात बरेच जण सापडले होते. त्यांतला एक मामांच्या रक्ताशी जुळला होता. मामांनी खुर्ची नाकारली, उभ्यानेच सगळं ऐकलं. रडल्या नाहीत. संपदाच्या दंडात मात्र त्यांची बोटं रुतली.

"कधी आणणार?"

"रविवारी. दफनभूमीत सगळी सोय केली आहे. तुम्ही थेट तिथेच या."

"आधी इथे आणा. घरून निघेल तो."

अधिकाऱ्याने सोबत्याकडे पाहिलं, मग मान डोलावली. फाइल उघडून त्याने विचारलं, "घराचा नंबर?"

"अशरफ, पाटी आण," मामा म्हणाल्या.

ती त्याच्या खोलीत ट्रंकेच्या तळाशी आहे, हे त्यांना ठाऊक होतं. जुन्या लुंगीत गुंडाळलेली पाटी आणि पाना-पेचकस घेऊन तो आला. भिंतीशी उभा राहिला आणि त्याला राहवलं नाही.

"मामा, त्या दिवशी फाटकाशी मी—"

"मी खिडकीत होते, अशरफ."

तो वळला. पस्तीस वर्षं ही बाई त्याच्या मागच्या सीटवर बसून बाजारात, दवाखान्यात, दर शुक्रवारी समुद्रावर गेली होती. ईदला पहिलं ताट त्याच्यासाठी काढत होती.

पहिला गंजलेला स्क्रू भोकात फिरेना. संपदाने पुढे होऊन पाटी धरली.

"जरा वर घे," मामा म्हणाल्या. "रस्त्यावरून दिसायला हवी. त्याला आणणारी माणसं नवीन असतील."