वाजणारं पायताण

शाहू महाराजांनी गावात शाळा काढली, तरी चावडीपुढनं जाताना बायकांनी पायताण काढून हातात घ्यायचं, ही रीत काही हलली नव्हती. तिथंच माझ्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. सासूबाईंनी, आमच्या आत्याबाईंनी, तो सुईनं काढला. एवढंच म्हणाल्या, “माझ्या टाचंतपण एक हाय. लई जुना.” पुढच्या बाजारी त्या कोल्हापूरला गेल्या आणि स्वतःला, मला अन् शेजारच्या चाँदबीला नवी पायताणं घेऊन आल्या. साधी नव्हेत, बडी असामी घालते तसली, तळात बिया घातलेली, पावलागणिक कर्रकर्र वाजणारी. ती घालून आम्ही तिघी निघालो. वळणापलीकडं चावडी. सवयीनं माझा हात पायाकडं गेला. आत्याबाईंनी तो धरला आणि सोडलाच नाही. दुसऱ्या हातात त्यांनी चाँदबीचा हात घेतला. कर्र, कर्र, कर्र. आवाज आमच्याआधी चावडीवर पोचला. “दरबारचं कोणतरी मोठं माणूस आलंय,” पाटील म्हणालेलं आम्हाला ऐकू आलं. आम्ही वळण घेतलं, तर सगळी मंडळी पटके सावरत, हात जोडून उभी. जोडलेले हात आता कुठं ठेवावेत, कुणालाच कळेना. चाँदबीनं पदर तोंडात कोंबला, तरी तिचं हसू फुटलंच, मग माझंही. आत्याबाई मात्र हसल्या नाहीत. त्या थांबल्या. सगळ्यांकडं एकवार बघितलं आणि एखाद्या इनामदारानं म्हणावं तसं सावकाश म्हणाल्या, “उठलासा कशाला? बसा की.”