रिकामं तबक

"जग्या येणार असेल, तर मी चाललो बाहेर," सतीश बूट शोधत म्हणाला.

"आज भाऊबीज आहे," निरांजन पुसता पुसता सुलक्षणा म्हणाली. "माझा सख्खा भाऊ नागपुरात. लग्न होऊन लेस्टरला आले, तेव्हापासून मी जगदीशदादांनाच ओवाळते. मागच्या वर्षी तुमच्यासाठी नाही बोलावलं. यंदा बोलावलंय."

सतीशने बूट शोधणं थांबवलं. ज्या घरातून निघून जायची धमकी तो देत होता, ते आता अख्खं तिचं होतं.

पण बाईने ते एकदाही बोलून दाखवलं नाही, हे तिचं मोठेपण. दोन वर्षांपूर्वी सतीशचा केटरिंगचा धंदा गाळात रुतला, आणि या जगदीशने, कॉलेजातल्या जिवलग मित्राने, उसन्या दिलेल्या पैशांसाठी थेट कोर्ट गाठून त्याला दिवाळखोर ठरवलं. बरं, त्याच्या तरी पदरात काय पडलं? पौंडामागे चार-सहा पेन्स! कोर्टाने नेमलेल्या ट्रस्टीने दोघांच्या नावावरच्या घराचे दोन हिस्से मांडले. सुलक्षणाच्या अर्ध्याला कुणाला हात लावता आला नाही. सतीशचा अर्धा विकायला निघाला, तो तिनेच घेतला. आईने घातलेल्या पाटल्या मोडल्या, तोडे मोडले, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये शनिवार-रविवार राबली.

"तू नसतीस ना सुलू, तर आज आपण रस्त्यावर असतो," तो म्हणाला. असं तो हल्ली येता-जाता म्हणायचा.

"पुरे हो. तो पाट मांडा."

पाट मांडता मांडता त्याचं डोकं पुन्हा फिरलं. "महिनाभर थांबला असता तर याचं काय बिघडलं असतं? अख्ख्या घरावर कर्ज मिळतच होतं. तुझी फक्त सही राहिली होती."

"हो. राहिली होती खरी."

"तू केलीच असतीस म्हणा. मला कधी कशाला नाही म्हणालीस?" तो जरासा हसला. "ते पैसेही त्याच खड्ड्यात गेले असते, हे आता कळतंय. पण त्या हलकटाने काय घर वाचवायला केस केली होती?"

बेल वाजली. दारात जगदीश, हातात ओली छत्री.

"येऊ का रे?"

सतीशने तोंड फिरवलं. सुलक्षणाने जगदीशला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, सुपारी फिरवली, ओवाळलं. त्याने खिशातून पाकीट काढलं.

"वा, सुधारला की!" सतीशच्याने राहवेना. "दोन वर्षांपूर्वी तबकात दमडी टाकली नव्हती. आणि पंधरा दिवसांत कोर्टाचे कागद दारात!"

सुलक्षणाने तबक मागे घेतलं. "राहू द्या, दादा. तेव्हाची तुमची ओवाळणी मला जन्मभर पुरेल."

"तेव्हाची कसली ओवाळणी?" सतीश म्हणाला.

जगदीशने मान खाली घातली. सुलक्षणाने वाकून त्याला नमस्कार केला आणि मग ती नवऱ्याकडे वळली.

"मला तुम्हाला नाही म्हणता येत नाही हो," ती म्हणाली. "म्हणून मीच ओवाळणी मागितली होती यांच्याकडे. म्हटलं, दादा, तबकात काही टाकू नका. माझी सही व्हायच्या आत तुमचे पैसे कोर्टात जाऊन मागा."